ताईचं स्टोरेज, भाऊजींचा सर्व्हर

ताई आणि भाऊजींचा घटस्फोट इतका शहाण्यासारखा झाला की नातेवाइकांची पार निराशा झाली. आरडाओरडा झाला नाही, भांडी आपटली नाहीत, कोणी कोणाचं माहेर काढलं नाही. घर ताईकडे गेलं, गाडी भाऊजींकडे. कुत्रा ज्याच्याकडे स्वतःहून जाईल त्याचा, असं ठरलं आणि तो शेजाऱ्यांकडे गेला. राहिलं फक्त ऑफिस. आणि ऑफिसात राहिला सर्व्हर.

दोघंही आर्किटेक्ट. शाळा, दवाखाने, वाचनालयं अशा इमारतींचे नकाशे काढायचे. ताई आराखडा करायची. भाऊजी जिने, छपरं आणि एकूण जे जे डोक्यावर पडू शकतं ते ते सांभाळायचे. लग्नापासूनचं सगळं काम त्या एका सर्व्हरवर होतं. वाटणीच्या कागदांत मात्र त्याचा उल्लेखच नव्हता, कारण तो कुठे ठेवलाय हे वकिलांना सांगायची दोघांनाही लाज वाटली होती.

तो बाथरूममध्ये होता. ऑफिसची जागा पूर्वी कुणाचं तरी राहतं घर होती. दोन बाथरूमपैकी एक कामापुरती ठेवली आणि दुसरीत, कमोड काढून, भोक बुजवून, त्यावर हे काळं धूड बसवलं. भिंतीवर फुलाफुलांच्या टाइल्स तशाच, साबणाचा कोनाडा तसाच, शॉवर तसाच. पाणी बाहेर पॅसेजमधल्या व्हॉल्व्हलाच बंद केलेलं. ऑफिसात कुणी नवीन लागलं की पहिल्या दिवशी त्याला ऐकू यायचं, "अरे, ती शाळा बाथरूममध्ये टाकलीस का?" आणि तो बिचारा घरी जाऊन विचार करायचा.

हे सगळं सांभाळायला टिल्लू होता. टिल्लू म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा वितीएवढा होता म्हणून टिल्लू. पुढे तो दारातून तिरका होऊन जाण्याइतका वाढला, नाव मात्र तेवढंच राहिलं. ऑफिसाऑफिसांतून कॉम्प्युटर जोडणं, केबल ओढणं, प्रिंटरच्या पोटातून अडकलेले कागद काढणं हा त्याचा धंदा.

ताईने त्याला फोन केला. "टिल्लू, ते नेटवर्क स्टोरेज की काय असतं ना, ते मला हवंय. सर्व्हर त्याचा, स्टोरेज माझं. माझी कामं उचल आणि माझ्या डब्यात टाक."

"म्हणजे सर्व्हर भाऊजींकडेच..."

"त्याला भाऊजी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

ताईने फोन ठेवला.

टिल्लू खरोखर पेचात पडला. बहिणीचा नवरा हा बहिणीचा नवरा राहिला नाही की त्याला काय हाक मारायची? नावाने हाक मारायला जीभ वळेना; 'सर' म्हटलं तर ते दचकतील. त्याने बायकोला विचारलं.

"'अहो' म्हण," ती म्हणाली. "मी तुला कधीच म्हटलं नाही. शिल्लक पडलंय."

दुसऱ्या दिवशी स्टोरेजचं खोकं पोटाशी धरून टिल्लू ऑफिसात पोचला, तर हॉलच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं. ऑफिसातले सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे पट्टीकाका म्हणत, त्यांनी स्वतः मापं घेऊन हॉलचे बरोब्बर दोन तुकडे केले होते. खिडकीचाही एकेक पल्ला दोघांना आला होता. एकच घोळ झाला होता. ताईच्या भागातल्या दिव्यांची बटणं भाऊजींच्या भागात गेली होती. ताईला उजेड हवा असला की ती प्लायवूडवर पेन्सिल आपटायची. पलीकडून कधी दिवा लागायचा, कधी पंखा.

"हे काय, एवढंसंच?" खोकं उघडल्यावर ताई म्हणाली. डबा पोळपाटाच्या आकाराचा, चार खणांचा होता.

"यात चार डिस्क बसतात. जे एका जोडीत लिहिलं जातं तेच दुसऱ्या जोडीतही लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं."

"आमच्याकडे उलटं आहे. सगळे जिवंत आहेत आणि काम बंद."

टिल्लूने डबा बाथरूममध्ये नेऊन साबणाच्या कोनाड्यात बसवला. सगळ्या केबल तिथेच येत होत्या, त्यामुळे दुसरी जागाच नव्हती. खांद्यावरची पिशवी त्याने सवयीने शॉवरच्या नळाच्या दांडीला अडकवली. पिशवीत पकडी, केबलची टोकं दाबायचा क्रिंपर, स्क्रूड्रायव्हरचे दोन संच आणि बायकोने दिलेला डबा, भलतीच जड. दांडी हळूच खाली आली. शॉवरमधून काहीच आलं नाही, त्यामुळे टिल्लूचं तिकडे लक्षही गेलं नाही.

मग वाटणी सुरू झाली. टिल्लू बाथरूमच्या दारात लॅपटॉप घेऊन बसला. तो एकेका फोल्डरचं नाव मोठ्याने वाचायचा आणि पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी आवाज यायचे.

"मुलींची शाळा."

"माझी," ताई.

"तिचा जिना माझा आहे," भाऊजी.

"जिना तुझा असू दे. पण तो जातो कुठे? माझ्या गच्चीवर!"

"मग गच्चीवर उडी मारून जा!"

"टिल्लू, शाळा माझ्याकडे टाक आणि जिना काढून त्याला दे."

पट्टीकाका पार्टिशनच्या टोकाला, दोन्हीकडचं दिसेल असे उभे होते. त्यांनी डोळे मिटले. "पोरींना वर कसं पाठवायचं?" ते स्वतःशीच म्हणाले.

वाचनालयाच्या छपराशी आल्यावर तर दोघांचे आवाज इतके चढले की वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने माणूस पाठवून चौकशी केली. पेशंट घाबरायला लागलेत म्हणे. तेव्हा टिल्लूने लॅपटॉप मिटला आणि उठून उभा राहिला. तो उभा राहिला की आपोआपच थोडी शांतता व्हायची.

"हे बघा," तो म्हणाला, "मी सगळंच्या सगळं स्टोरेजवर कॉपी करतो. दोघांकडे सगळं राहील. मग ज्याला जे नको ते त्याने आपापल्याकडून पुसायचं."

यात भांडायला जागाच नव्हती, आणि ते दोघांनाही आवडलं नव्हतं.

कॉपी सुरू झाली. सर्व्हर म्हातारा होता. घुर्रघुर्र करत एकेक फोल्डर ओकत होता. टिल्लू बादली उपडी टाकून तिच्यावर बसला. थोड्या वेळाने दारात भाऊजी आले. हातात चहाचे दोन कप.

"किती झालं?"

"होतंय... अहो," टिल्लू म्हणाला.

भाऊजींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "अहो?"

टिल्लूचा चेहरा लाल झाला. "ताई म्हणाली की, ते दुसरं म्हणायचं नाही."

भाऊजी उंबरठ्यावरच बसले. एक कप त्याच्या हातात दिला. टिल्लूला आठवलं, तो परीक्षेत आपटला होता आणि घरात सगळे त्याच्याशी तिसऱ्याच माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होते, तेव्हा नवीनच लग्न झालेल्या याच माणसाने त्याला ऑफिसात आणून एका बंद पडलेल्या प्रिंटरसमोर बसवलं होतं. 'उघड,' म्हणाले होते, 'बिघडलेलाच आहे. तू आणखी काय बिघडवणार?' टिल्लूने त्याचे तुकडे तुकडे केले होते. प्रिंटर काही चालू झाला नाही, पण भाऊजींनी दुसऱ्या दिवशी दुसरा आणून दिला. तोही बंदच होता. कुठून आणायचे कोण जाणे.

"मला एक सांग," भाऊजी म्हणाले. "तिच्याशी माझं फाटलं ते ठीक आहे. चूक दोघांची. पण तुझ्याशी कधी फाटलं? मला कुणी कागद पाठवला नाही."

टिल्लूने कप तोंडाला लावला आणि तो रिकामा झाल्यावरही तसाच ठेवला.

त्याच वेळी पॅसेजमध्ये ताईने बोलावलेला प्लंबर आला होता. आपल्या भागात स्वतंत्र वॉशबेसिन हवं, हा तिचा हट्ट; तोंड धुवायलाही पलीकडे जावं लागू नये म्हणून. लाइनमध्ये पाणी आहे का बघावं, म्हणून प्लंबरने पॅसेजमधला व्हॉल्व्ह उघडला.

बाथरूमच्या भिंतीत काहीतरी खाकरलं. टिल्लूने वर पाहिलं. शॉवरने आधी एक गंजकी पिचकारी मारली, मग खोकला, आणि मग वर्षानुवर्षांचं साचलेलं मन मोकळं केल्यासारखा धो धो सुरू झाला. थेट सर्व्हरच्या डोक्यावर.

"अरे!" म्हणून टिल्लू दोन्ही हात पसरून सर्व्हरवर झेप घ्यायला निघाला.

"हात लावू नकोस!" भाऊजी इतक्या जोरात ओरडले की टिल्लू जागच्या जागी थिजला. "करंट आहे! बाहेर ये! मेन बंद करतो!"

ते पॅसेजमध्ये पळाले. सर्व्हरने एकच आवाज केला, कुकरची शिट्टी अर्धवट निघावी तसा, आणि गप्प झाला. मग सगळं ऑफिस काळोखात गेलं. पार्टिशनच्या पलीकडून ताई ओरडली, "मी पेन्सिल आपटलीच नव्हती!"

प्लंबरने व्हॉल्व्ह बंद केला. सगळे बाथरूमपाशी जमले. ताई मोबाइलचा उजेड धरून पुढे आली आणि पाण्यात उभा असलेला, गंजाने तांबडा झालेला भाऊ बघून म्हणाली, "तू ठीक आहेस ना?" आणि तो ठीक आहे हे कळताक्षणी, "सर्व्हरला काय केलंस?"

उजेडात टिल्लूला प्रथमच दिसलं. त्याची पिशवी नळावर लटकत होती. दांडी पूर्ण खाली. व्हॉल्व्ह प्लंबरने उघडला होता, पण नळ त्याने स्वतः उघडा ठेवला होता. ताईच्या नजरेतून हे सुटणार नव्हतं, आणि सुटलं नाही तर जन्मभर सुटणार नव्हतं.

भाऊजी दारात परत आले होते. त्यांचीही नजर पिशवीवर गेली. ते पुढे झाले, ताई आणि नळ यांच्या मधे उभे राहिले, पिशवी काढून टिल्लूच्या हातात दिली आणि पाठीमागे हात नेऊन दांडी वर केली.

"प्लंबर न विचारता व्हॉल्व्ह उघडतो," ते मोठ्याने म्हणाले. "आणि वॉशबेसिन कुणाला हवं होतं?"

"म्हणजे माझी चूक?" ताई उसळली. आणि मग ती दोघं प्लंबर, बेसिन, पार्टिशन असं करत करत थेट लग्नाच्या हॉलच्या भाड्यापर्यंत पोचली. टिल्लू पिशवी छातीशी धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या दोघांचं भांडण त्याला एवढं गोड कधी वाटलं नव्हतं.

सर्व्हर कामातून गेला होता. पेटी उघडली तर आतून पाणी सांडलं. पण त्याच्या डिस्क खालच्या बाजूला, पत्र्याच्या खणात होत्या, आणि त्यांच्यापर्यंत पाणी पोचलेलं नव्हतं. टिल्लूने त्या सोडवल्या, पुसल्या, पट्टीकाकांनी घरून आणलेल्या केस वाळवायच्या मशीनने लांबूनच वारा दिला. कोनाड्यातल्या स्टोरेजवर शिंतोडेसुद्धा उडाले नव्हते. वीज आल्यावर ते उठलं, आपल्या डिस्क तपासत बसलं आणि काहीच झालं नाही असे हिरवे दिवे लावून मोकळं झालं. टिल्लूने सर्व्हरच्या डिस्क बाहेरून त्याला जोडल्या. श्वास रोखून वाट बघितली. फोल्डर दिसायला लागले आणि राहिलेली कॉपी पुढे सुरू झाली.

सगळं वाचलं होतं, पण सगळंच्या सगळं आता ताईच्या डब्यात होतं. भाऊजींकडे मेलेली पेटी होती, आणि त्याच आठवड्यात एका दवाखान्याचे नकाशे द्यायचे होते, ज्यांवर दोघांच्या सह्या लागणार होत्या.

"भाऊ... त्यांचा युजर करू ना?" टिल्लूने ताईला विचारलं.

ताई खुर्चीत मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते टिल्लूने लहानपणी पाहिलं होतं, कॅरमची राणी तिच्याकडे असायची तेव्हा.

"कर. पण नुसतं वाचायला. लिहायला नाही."

"ताई, ते काम कसं करतील?"

"बघून बघून करील."

टिल्लूने युजर केला. नावाच्या चौकटीत काय घालायचं हा जुनाच प्रश्न पुढे आला. बोटांनी विचार केला नाही. त्यांनी 'भाऊजी' असं टाइप केलं आणि एंटर मारलं.

मग जे सुरू झालं ते सगळ्या ऑफिसने बघितलं. भाऊजी दवाखान्याचा जिना उघडायचे, त्यात बदल करायचे, आणि सेव्ह करायला गेले की परवानगी नाही. ते पार्टिशनवर थाप मारायचे. ताई वळसा घालून यायची, त्यांना खुर्चीतून उठवायची, आपला पासवर्ड टाकायची, सेव्ह करायची आणि परत जायची. सुरुवातीला ती मान ताठ करून यायची. दुपारपर्यंत मान उतरली. दुसऱ्या दिवशी तिने चपला काढून ठेवल्या, कारण टाचा दुखायला लागल्या होत्या. भाऊजी दर दोन रेघांनी थाप मारत होते. त्यांना हवं तेव्हा ते अत्यंत नीटनेटके होऊ शकत होते.

शेवटी थाप पडली आणि ताई जागेवरूनच किंचाळली, "टिल्लू! दे त्याला लिहायला! काय लिहायचं ते लिहू दे, पण मला उठवू नका!"

टिल्लूने दोन क्लिकमध्ये परवानगी दिली. आता दोघंही एकाच फाइलींवर काम करू लागले, आणि त्यामुळे नवीनच प्रकार झाला. एकाने उघडलेली फाइल दुसऱ्याने उघडली की पडद्यावर पाटी यायची. ऑफिसभर, प्रत्येकाच्या पडद्यावर: ही फाइल 'भाऊजी' यांनी उघडली आहे.

"भाऊजी, जरा बाहेर पडता का फाइलमधून?" पट्टीकाकांनी पहिल्यांदा ओरडून विचारलं. ते वयाने भाऊजींच्या वडिलांएवढे होते. मग फोन घेणारी बाई म्हणायला लागली. मग दोन नवीन ड्राफ्ट्समन. मग तो प्लंबर, जो बेसिन बसवायला परत आला होता. आठवडा संपेपर्यंत सगळं ऑफिस त्यांना भाऊजी म्हणत होतं, आणि ते मोठ्या मानाने ओ देत होते.

ताईने टिल्लूला कोपऱ्यात घेतलं. "बदल ते नाव."

"बदलतो. पण आता बदललं तर सगळ्यांच्या परवानग्या नव्याने द्याव्या लागतील," टिल्लू म्हणाला. हे खरं नव्हतं.

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिला कॉम्प्युटरमधलं कळत नव्हतं, भावातलं कळत होतं. "राहू दे मग," ती म्हणाली. "तुला सवय आहे. मला कुठे म्हणायचंय."

दवाखान्याचे नकाशे वेळेत गेले. मंजूरही झाले. पार्टिशन राहिलं; दोघांपैकी कुणी ते पाडायचा विषय काढला नाही, फक्त पट्टीकाकांनी बटणांची जागा बदलून घेतली. भाऊजींनी नवा सर्व्हर घ्यायचा विचार केला आणि तो विचारच ठेवला. सगळं ताईच्या डब्यावर चालत राहिलं. बाथरूममधला शॉवर टिल्लूने स्वतःच्या हाताने उपटून काढला आणि पाइपाचं तोंड बुजवून घेतलं.

पण त्या पावसाचा त्याने धसका घेतला होता. त्याने दोघांना समोर बसवून सांगितलं, "एक डबा ऑफिसात असून भागणार नाही. दुसरी प्रत दुसऱ्या जागेत हवी. उद्या इथे आग लागली, चोरी झाली, वरच्या डॉक्टरची टाकी फुटली, तर?"

"माझ्या घरी ठेव," ताई म्हणाली.

"वा! म्हणजे घरही तुझं आणि प्रतही तुझी," भाऊजी म्हणाले. "माझ्याकडे ठेव."

"याच्याकडे? याला स्वतःच्या किल्ल्या सापडत नाहीत."

आणि मग दोघांनी, गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, एकाच वेळी एकाच दिशेला मान वळवली. टिल्लूकडे.

दुसरा डबा टिल्लूच्या घरी, बेडरूमच्या कपाटात आला. रोज ऑफिस सुटलं की तो इंटरनेटवरून सगळे नकाशे स्वतःकडे ओढून घ्यायचा. बायकोने तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"संसार त्यांचा मोडला," ती म्हणाली, "आणि सामान माझ्या कपाटात?"

"आवाज फार नाही करत."

"तुझ्यापेक्षा कमी करतो, हे खरं आहे."

एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. "टिल्लू, मला मेल आलाय. तुझ्या घरचा डबा तापलाय म्हणे. काय चाललंय?" तिचा फोन संपतोय न संपतोय तोच भाऊजींचा आला. त्यांनाही तोच मेल गेला होता. "सगळं ठीक ना रे? आग वगैरे नाही ना? येऊ का?"

"नको भाऊजी, बघतो," टिल्लू म्हणाला.

त्याने कपाट उघडलं. डब्याच्या वर, मागे, पंख्याच्या जाळीवर, जिथून म्हणून गरम हवा बाहेर येते तिथे तिथे, बायकोने त्याचे मोजे वाळत घातले होते.

"अगं, हे काय?"

"बाहेर दोन दिवस ऊन नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि तो नुसताच गरम हवा सोडत बसलाय. काढतोयस का? काढ. पण वरचा काळा जोड राहू दे, अजून दमट असेल."

टिल्लूने सगळे मोजे काढले, काळा जोड दाबून बघितला, आणि डब्याच्या कडेला, जाळी सोडून, परत ठेवला.